पिवळ्या पुड्या

झुरिकहून शिकून काओश्युंगला परतताना पेइ-शानला वाटलं होतं, बसतिकिटांच्या कंपनीतल्या सर्व्हरच्या खोलीत फक्त तर्क चालत असेल. प्रत्यक्षात प्रत्येक सर्व्हरच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी बसवलेली होती. पुडी असली की यंत्रं शहाण्यासारखी वागतात म्हणे!

"मुदत संपलीय त्यांची. नव्या आण," साहेब त्साओदादा म्हणाले. "हिरव्याच हं."

सणाला गावी जाणाऱ्यांची बसची तिकिटं त्या संध्याकाळी विक्रीला सुटणार होती. पेइ-शाननं हट्टानं एका रांगेतल्या सर्व्हरवर नवा कर्नल चढवला होता. कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला मुकादम. तो कोसळला की सगळं ठप्प. "पडला तर पुन्हा जुनाच," दादांनी बजावलं होतं, "आणि तुझी रवानगी प्रिंटर दुरुस्तीला."

दुकानात हिरव्या पुड्या संपल्या होत्या. तिनं पिवळ्या, मसालेदार चवीच्या आणून मांडल्या.

दादांनी कपाळाला हात लावला. "अगं पंडितबाई, हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे संकट! एवढंही शिकवलं नाही तिकडे?"

"यंत्राला रंग कळत नाही, दादा."

"यंत्राला नसेल कळत..." दादांनी पुढचं गिळलं आणि ते वर फोन सांभाळायला गेले.

विक्री सुरू झाली. गर्दी उसळली. रांगेतल्या पहिल्या सर्व्हरचा दिवा पिवळा झाला, मग दुसऱ्याचा. कर्नल कोसळत होता. फोनवर दादा ओरडले, "लोक खोळंबलेत गं!"

ती इतकी निश्चल बसली होती, की माणसाच्या हालचालीवर पेटणारे छतावरचे दिवे विझले. उरली पंख्यांची घरघर आणि तापलेल्या तारांचा वास.

मग रांगेच्या टोकाला छतावरचा एक दिवा पेटला. खाली कुणीच नव्हतं.

फटक... फटक... सपाता घासत कुणीतरी आलं. पुडी फाटली. कुरुम... कुरुम... आणि पहिला सर्व्हर हिरवा झाला.

"को... कोण आहे?"

चावणं थांबलं.

"जरा तिखट आहेत..." कुणीतरी हळूच म्हणालं, आणि छतावरचा पुढचा दिवा पेटला.

सगळी तिकिटं विकली गेली. सकाळी दादा नाचतच आले. "टिकला की गं तुझा कर्नल! आता सगळीकडे चढवू."

"नाही दादा. टिकला नाही, कुणीतरी टिकवला. दोष सापडेपर्यंत दुसऱ्या कुठल्याच सर्व्हरवर चढवायचा नाही."

"बरं बाई. या रांगेवर तरी जुना घालून टाक."

तिनं शेवटचा सर्व्हर उघडून पाहिला. नवा कर्नल तिनं कालच, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करत चढवला होता. तो किती काळ अखंड चालू आहे, हे पडद्यावर दिसत होतं: अकरा वर्षं.

तिनं हळूच हात मागे घेतला. "दादा, हा सोडून बाकीच्यांवर घालते. हा मी कधीच बंद करणार नाही."