तिघांएवढी जागा

हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या बसमध्ये रविवारी सकाळीही पाय ठेवायला जागा नव्हती. नवनगरपाशी ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि नूतनच्या डब्यातलं गरम सांबार समोरच्या तरुणाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडलं.

आता हा भांडणार... तिनं उत्तर तयारच ठेवलं. पण त्या तरुणानं शर्टाकडे बघितलंही नाही.

"तुमचा हात भाजला नाही ना?"

ती गडबडली. "नाही... पण तुमचा शर्ट—"

"धुतला की डाग निघेल. वास मात्र झकास आहे ओ. कुणी केलंय?"

"मीच."

"मग चव घ्यायची राहिलीच की."

तिला हसू आवरेना.

त्याचं नाव प्रशिक. रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी, आणि रविवारी धारवाडच्या विहारात तो ध्यानाचा वर्ग घ्यायचा. नूतन धारवाडातच सुभाष रोडवरच्या कापड दुकानात कामाला होती. आई गेल्यापासून तिनं विहाराची पायरी चढली नव्हती. पुढच्या रविवारी मात्र ती दुकान उघडायच्या आधी तिथं जाऊन बसली. श्वास आत येतोय... बाहेर जातोय... प्रशिकचा आवाज मऊ होता, पण तिचे डोळे सारखे उघडत होते.

"जमत नाही मला," वर्ग सुटल्यावर ती म्हणाली. "डोळे मिटले की घरच दिसतंय. वडलांना, अप्पांना लकवा झालाय. घास गिळायला त्यांना वेळ लागतो, आणि मला कामाची घाई."

"मग घरातच बसू या की ध्यानाला."

"आमच्या घरी? यायला निमित्त शोधताय काय?"

"सांबाराची चव राहिलीय," तो शांतपणे म्हणाला. तिचे कान तापले.

तो खरंच आला. जुन्या हुबळीतल्या त्या दोन खोल्यांत, अप्पांच्या खाटेशी बसून त्यानं ताटली हातात घेतली. एक घास दिला आणि थांबला. अप्पांच्या गळ्याकडे बघत राहिला. घास खाली उतरल्यावरच दुसरा कालवला. एरवी निम्मं थुंकून टाकणाऱ्या अप्पांनी त्या दिवशी ताटली संपवली.

नूतन दारात उभी होती. "मी रोज ओरडते त्यांच्यावर," ती कशीबशी म्हणाली.

"दमता तुम्ही." त्यानं वर बघितलं. "तुम्ही जेवलात का?"

किती दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं... ती पदराआड तोंड लपवून रडली, आणि तो तिच्यासाठी वाढायला उठला.

मग तो येतच राहिला. हळूहळू नूतनचाही हात सावकाश चालू लागला. घास भरवताना ती आपल्या श्वासाकडे लक्ष द्यायची, आणि अप्पा तिच्याकडे बघून अर्ध्या ओठानं हसायचे.

अशाच एका संध्याकाळी प्रशिक म्हणाला, "माझी म्हैसूरला बदली झालीय."

भांडी घासणारा तिचा हात थांबला. "बरं झालं की," ती पाठमोरीच म्हणाली.

"नूतन, लग्न करशील माझ्याशी?"

तो पहिल्यांदाच तिच्याशी एकेरीत बोलला होता. "नाही जमणार. अप्पांना टाकून मी कुठंही येणार नाही."

"टाकून ये म्हणालो का मी? घर बघून आलोय. तळमजल्यावरचं. चाकाची खुर्ची न्हाणीपर्यंत जाते का, तेही बघितलं. आपण तिघं मावतो."

ती वळली. ओल्या हातांचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. "...आणि अप्पांना विचारलंत?"

"तुझ्या आधी."

"काय म्हणाले?"

"बोलता कुठं येतंय त्यांना? पण माझा हात घट्ट धरला, सोडेनातच."

नूतन जवळ आली. तिनं आपले ओले, राखेनं भरलेले हात त्याच्या हातात ठेवले.

"मग मी तरी कशाला सोडू?"