चौदा नंबरचा बिल्ला

खोटंच रचायचं असतं, तर त्यात मी स्वतःला इतका हलका माणूस ठरवलं नसतं. खरेपणाचा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

वजनं आणि तापमापकं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करतो. माप लिहिताना त्यात किती चूक असू शकते, तेही शेजारी लिहायचं, ही आमची रीत. म्हणून आधीच सांगतो, पुढच्या वेळा माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या आहेत. चूक फार तर अर्ध्या मिनिटाची.

गेल्या वर्षी, याच आठवड्यातला रविवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही पाण्यात उतरलो. समुद्रावर धुकं.

ताईनं स्वतःच्या पन्नाशीनिमित्त आम्हा दोघांची नावं मोठ्या लाटांच्या सर्फिंग वर्गात घातली होती. ती बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवते. भीती हा प्रकार तिच्या पत्रिकेतच नाही. मी मात्र पोहता येऊनही पाण्याला घाबरणारा. लहान लाटांवर कसाबसा उभा राहू लागलो होतो. त्या दिवशी प्रथमच बाहेरच्या रांगेत, म्हणजे लाटा जिथे उभ्या राहतात तिथे जायचं होतं. लाटा दोन पुरुष उंच.

"धाकट्या, चेहरा बघ तुझा," ताई म्हणाली. "परीक्षेला निघालेल्या पोरासारखा."

"धुकं वाढतंय."

"मग काय हेडलाइट लावू? चल!"

तिथली एक पद्धत नीट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. पाण्यात जोडीनंच जायचं. शेडमध्ये खिळे ठोकलेली एक पाटी होती. त्यावर प्रत्येकाचा नंबर असलेला निळा प्लॅस्टिकचा बिल्ला. जाताना जोडीचे दोन्ही बिल्ले एकानंच मनगटाला बांधायचे आणि परतल्यावर दोन्ही खिळ्याला लावायचे. एकट्यानं परत येऊ नये म्हणून ही युक्ती. दर लाटेनंतर दोघांनी आपापला नंबर ओरडायचा. आधी लहान नंबर, मग मोठा.

ताई तेरा. मी चौदा.

"बिल्ले तूच बांध," ती हसत म्हणाली. "म्हणजे मला सोडून पळणार नाहीस."

पहिली लाट आली. ताई फळी रेटत तिच्या माथ्यावरून पलीकडे गेली. मला त्या लाटेनं खाली दाबलं. किती वेळ, ते ठाऊक नाही. त्या काळात मी घड्याळ पाहिलं नाही.

वर आलो. धुक्यापलीकडून ताई ओरडली, "तेरा!"

मी उत्तर दिलं नाही.

फळी वळवली आणि पोटावर पडून किनाऱ्याकडे निघालो. "ताई, मी परत जातोय," एवढंही मला म्हणता आलं असतं. पण ते म्हटलं असतं, तर तिला कळलं असतं.

सहा एकवीसला वाळूला पाय लागले. सहा तेवीसला मी शेडमध्ये होतो.

मनगटावर दोन बिल्ले.

एक लावला असता, तर मास्तरांनी विचारलं असतं. मास्तर म्हणजे आमचे शिकवणारे, साठीचे आणि कमी बोलणारे. वाटलं, ताई येईलच मागोमाग, दोन मिनिटांचा प्रश्न आहे.

मी दोन्ही बिल्ले लावले.

तेवढ्यात मास्तर आत आले. त्यांनी पाटी पाहिली. "दोघंही आलात?"

"हो."

"ताई कुठे आहेत?"

"कपडे बदलायला गेली."

पाटी पूर्ण होती. त्यांनी बाहेर लाल निशाण चढवलं, बचावाची होडी शेडमध्ये ओढून घेतली आणि साखळी लावली. मी टॉवेल गुंडाळून बाकावर बसून राहिलो. दर मिनिटाला वाटे, आता सांगावं. आणि दर मिनिटाला ते सांगणं आणखी अवघड होत जाई.

अठरा मिनिटं. हे माप अचूक आहे.

सहा एक्केचाळीसला धुक्यातून आवाज आला...

"तेरा!"

ताईचा आवाज. थकलेला, पण जिवंत.

आणि लगेच, तिच्या अगदी जवळून...

"चौदा!"

तो आवाज माझा होता.

मी बाकावर होतो. माझे ओठ मिटलेले होते.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. साखळी काढली आणि होडी ओढत पाण्याकडे धावले. मीही मागे धावलो.

होडी पाण्यात जायच्या आतच ताई आली. फळीवर आडवी, एका संथ लाटेबरोबर, जणू कुणी हलकेच ढकलून दिल्यासारखी. सहा सेहेचाळीस. ओठ निळे, दात वाजत होते. मला पाहताच ती गळ्यात पडली.

"माझ्या आधी कसा पोचलास रे? आत्ता तर मागून ढकललंस!"

मी माझा टॉवेल तिच्या अंगावर टाकला.

"मास्तर, ह्याला घाबरट म्हणायचे मी. फळीची पायाला बांधलेली दोरी तुटली, फळी सुटली, मी गटांगळ्या खातेय... ह्यानं फळी आणून दिली आणि तेव्हापासून माझा हात सोडला नाही. दर लाटेला नंबर दिला. हात मात्र बर्फासारखा होता मेल्याचा." मग तिनं मूठ उघडली. "आणि हा घे. तुझ्या मनगटावरून सुटला."

तिच्या तळहातावर बिल्ला होता...

लाकडी. पाणी पिऊन फुगलेला. त्यावर कोरलेला आकडा, चौदा.

मी शेडकडे पाहिलं. निळा चौदा आपल्या खिळ्यावर होता.

मास्तरांनी लाकडी बिल्ला तिच्या हातातून घेतला, अंगठ्यानं पुसला आणि खिशात टाकला. विचारल्यावर म्हणाले, "लाकडी आता वापरत नाही." पुढच्या रविवारी पाटीवर चौदाचा खिळाच नव्हता. नुसतं भोक होतं.

विज्ञान शिकलेल्या माणसानं म्हणायचं ते मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. थंडीनं आणि भीतीनं गारठलेला मेंदू स्वतःसाठी सोबती निर्माण करतो. धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते. जुना बिल्ला पाण्यात तरंगत येऊ शकतो. तिन्ही गोष्टी शक्य आहेत. तिन्ही एकाच सकाळी, एकाच नंबरासाठी घडण्याची शक्यता किती, ते गणित मी मांडलेलं नाही. मांडायचं नाही.

पण मला झोपू न देणारी गोष्ट ती नाही.

त्या दुपारी ताईनं घरी सगळ्यांना हे सांगितलं. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बहिणीचे पांग फेडलेस रे." मी मान खाली घातली. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

वर्षभर तो विनय मी मिरवतो आहे.

गेल्या आठवड्यात ताई म्हणाली, "रविवारी पाण्यात जातेय. एकटीच."

"एकटी? का?"

"आता का म्हणून विचारतोस? तूच वदवून घेतलंस ना माझ्याकडून! हात धरून म्हणालास, 'वर्षानं परत ये. इथेच. एकटी ये.' मी म्हटलं, येईन बाबा, आधी बाहेर तर काढ. शब्द म्हणजे शब्द, धाकट्या."

मी हवामान सांगितलं. तिचा रक्तदाब सांगितला. तिनं सगळं हसण्यावारी नेलं. मास्तरांना फोन केला. त्यांनी वर्ग केव्हाच बंद केला आहे, किनारा मोकळाच असतो. तिला थांबवू शकेल असं एकच वाक्य आहे. ते तिच्यासमोर पाच वेळा ओठांवर आलं आणि पाचही वेळा मी गिळलं.

ताई रोज सकाळी पहिला विद्यार्थी येईपर्यंत गाडीत बसून या पानावरच्या भुताच्या गोष्टी वाचते. मला वाचून दाखवते आणि हसते. म्हणून इथे लिहितो आहे.

ताई, मी अकराव्या मिनिटाला बाहेर आलो होतो. तुझा बिल्ला मी खिळ्याला लावला होता. तुझा हात धरणारा मी नव्हतो.

रविवारी जाऊ नकोस. आणि गेलीसच, तर माझ्या आवाजात कुणी नंबर पुकारला तरी ओ देऊ नकोस.

मी काठावर असेन. तेव्हाही तिथेच होतो.