न ठोकलेली फळी

तेजस्वी मेहेर चंदनसारला विनया सामंतच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली तेव्हा २००३ सालची दिवाळी आठवड्यावर होती. खाली गाळेवाले आकाशकंदील टांगत होते. तिने पाण्याचा पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"माझ्या नवऱ्याला सोडवा. परवा कोर्टात उभं करणार आहेत. त्यानं सख्ख्या भावाला मारलं म्हणतात."

विनयाने विमा कंपनीत बारा वर्षं खोटे दावे शोधले होते, आता स्वतःचं तपासाचं काम काढलं होतं. तिचा मदतनीस सुमेध बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेला. त्याला वाटे, सगळं नीट लिहून काढलं की गुन्हेगार आपोआप सापडतो. त्याने वही उघडली.

हकिगत साधी होती. राजोडीचा हरेश्वर मेहेर दहा दिवसांपूर्वी मासेमारीहून परतताना होडीसकट बुडाला. चार खलाशी वाचले, तो गेला. तिसऱ्या दिवशी होडी ओढून किनाऱ्यावर आणली, तर पुढच्या टोकाला, नाळेखाली भोक आणि भोकाच्या कडेला लाल रंग. हरेश्वरची होडी निळी. लाल होडी गावात एकच, धाकट्या भावाची, भूपेशची. त्या दिवशी सगळ्यात जवळही तीच होती.

"आणि भांडण?" विनयाने विचारलं.

तेजस्वीने मान खाली घातली. "नारळी पौर्णिमेच्या आधी झालं. हे सगळ्यांसमोर ओरडले, 'हरेश्वरदादा, ही होडी एक दिवस बुडणार.' त्यांच्या बायकोनं, कमळीवहिनींनी, तेच फिर्यादीत सांगितलंय."

"ते असं का म्हणाले?"

"मी माहेरी होते तेव्हा. विचारलं तर सांगत नाहीत. पोलिसांनाही सांगत नाहीत."

कोठडीत भूपेश भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. विनयाने धडकेबद्दल विचारलं, भांडणाबद्दल विचारलं.

"मना काय बोलायचं नाय, ताई."

"तुमची बायको रडतेय."

"म्हाईत हाय." मग मान वर करून, "वहिनी जेवते का?"

बाहेर आल्यावर सुमेध वैतागला. "ज्या बाईने याला आत टाकलं, तिच्या जेवणाची चौकशी? गुन्हेगाराचं मन खातंय, दुसरं काय!"

"लिहून ठेव," विनया म्हणाली. "पण 'दुसरं काय' तेवढं लिहू नकोस."

राजोडीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपलीकडे दोन्ही होड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. लाल धडधाकट, निळी एका कुशीवर कललेली. भोक पुढच्या बाजूला, भरल्या होडीची पाण्याची रेघ येते त्याच्या जरा खाली, जेवणाच्या ताटलीएवढं. कडेला लाल रंगाचे पापुद्रे होते. विनयाने एक पापुद्रा नखाने सोडवून रुमालात गुंडाळला. मग कडेचं लाकूड बोटाने दाबलं. ते बिस्किटासारखं तुटलं.

"तीन दिवस समुद्रात होती ना," सुमेध म्हणाला.

"शेजारची फळी दाब."

शेजारची फळी टणक होती. सुमेधने तेही लिहून घेतलं.

मग ती लाल होडीकडे गेली आणि पुढून मागून हात फिरवत आली. कुठे खरवड नव्हती. नाळेखाली पिवळ्या रंगात काढलेलं एक छोटं कमळ होतं. "मीच काढलं, या नारळी पौर्णिमेला," तेजस्वी म्हणाली.

वाचलेल्या खलाशांपैकी विलास जाळ्याजवळ बसला होता. "धक्का बिक्का कायच नाय, ताई. लाट जरा मोठी व्हती, इंजिन जोरात. एकदम पुढनं पानी उसळलं. आमचा तांडेल, हरेश्वर, गोधडी घेऊन भोक बुजवायला खाली घुसला, तो वर आलाच नाय."

"भूपेशची होडी?"

"लांब व्हती. आमी वरडलो तवा आली. त्यानंच आमाला वढून घेतलं."

"हे पोलिसांना सांगितलं?"

"सांगितलं. ते बोलले, तू त्याच्या उपकारात हायस."

उरला काळूराम. गावातल्या निम्म्या होड्यांची डागडुजी करणारा सुतार. तो लाकूड तासत होता, आणि ती दोघं आली तरी रंधा थांबला नाही.

"दरवर्षी काय काय करता, काळूरामदादा?"

हा प्रश्न त्याला आवडला. पावसाळ्यात होडी वर ओढली की तळाचा जुना रंग लाकडापर्यंत खरवडायचा. मग पेंढा पेटवून तळ शेकायचा, म्हणजे खाऱ्या पाण्यातला किडा आतल्या आत मरतो. मग हातोडीने एकेक फळी ठोकायची. चांगली फळी टणकन बोलते, पोखरलेली भद्द. वाईट असेल ती बदलायची. सांध्यांत कापूस, वर तेल, शेवटी रंग.

"हरेश्वरच्या होडीचंही या वर्षी सगळं केलं?"

"केलं."

"सगळं?"

रंधा थांबला. "शेकताना कमळीवहिनी बाजूला उभी असते दरवर्षी. ओलं गोनपाट धरून." एवढं बोलून काळूराम उठला आणि उगाचच हत्यारांची पेटी आवरू लागला. "आता काय विचारू नका."

परतताना विनयाने रुमाल उघडला, पापुद्र्याची कड उन्हात धरली आणि भिंगातून पाहिली. मोजून झाल्यावर तिने भिंग सुमेधकडे दिलं. तोही मोजत राहिला.

"आठ थर. सगळे लाल, पण छटा वेगळ्या. आणि खाली निळा नाहीच, थेट लाकूड." त्याने मान वर केली. "म्हणजे काय?"

विनयाने सांगितलं. सुमेधने वही मिटली. "आपण नुसतं 'किड्याने खाल्लं' म्हणू. बाकीचं कशाला?"

"फिर्याद तिची आहे, सुमेध. लाल रंग कुठून आला ते तिने सांगितल्याशिवाय पोलीस ऐकणार नाहीत. काळूरामने सांगितलं तर म्हणतील, सुतार स्वतःची कातडी वाचवतोय." तिने पापुद्रा पुन्हा रुमालात गुंडाळला. "मला दुसरा रस्ता दिसत नाही. दिसला असता तर मी आनंदाने खोटं बोलले असते."

दुसऱ्या दिवशी कमळीच्या ओटीवर ती सगळी जमली. हरेश्वरचं तेरावं व्हायचं होतं. कमळी भिंतीशी बसली होती, डोळे कोरडे. काळूराम आणि विलास पायरीवर, तेजस्वी दाराबाहेर. आत यायची तिला हिंमत नव्हती.

"कमळीताई, भूपेशने होडीला धडक दिली नाही," विनया म्हणाली. "त्याच्या होडीला ओरखडा नाही. धक्का कुणाला जाणवला नाही. धडकेत दुसऱ्या होडीचा रंग लागतो तो निळ्याच्या वर लागतो. हा लाल रंग लाकडावर आहे, त्याच्याखाली निळा नाही. आणि एकावर एक आठ थर आहेत. भूपेशची होडी दरवर्षी लाकडापर्यंत खरवडली जाते, तिच्यावर एकच थर असतो."

कमळीने पहिल्यांदा वर पाहिलं.

"होडी किती साली पाण्यात सोडली?"

"शहाण्णव." उत्तर काळूरामने दिलं, अगदी हळू.

"शहाण्णव ते या वर्षीची नारळी पौर्णिमा. आठ वेळा. त्या जागी दरवर्षी कुणीतरी लाल रंग भरला, आणि जुना कधी खरवडला नाही. तिथे काय होतं, ताई?"

शेजारी कुणीतरी मिक्सर लावला, बंद केला.

"माझ्या पिंकीचा हात," ती म्हणाली. "तीन वरसांची व्हती. होडी सोडायच्या आधी, निळा मारला नव्हता तवा, तिच्या बापानं लाल रंगात तिचा हात बुडवून कोऱ्या लाकडावर उमटवला. त्याच थंडीत ती तापानं गेली. तिचा दुसरा कायच उरलेला नाय. फोटू पन नाय."

"म्हणून शेकताना तुम्ही त्यावर ओलं गोणपाट धरायच्या."

"रंगाला फोड येतात आगीनं."

"आणि तिथे हातोडी मारू द्यायच्या नाहीत."

"पोरीला लागंल," कमळी म्हणाली, आणि थांबली. तिची नजर काळूरामकडे गेली. त्याने तोंड पंच्यात घातलं होतं.

विनयाला पुढचं बोलायचं नव्हतं. तरी ती बोलली. "बाकीचा तळ दरवर्षी शेकला, ठोकला. किडा तिथे मेला. या एका फळीत तो राहिला. बाहेरून टाचणीएवढं भोक, आतून सगळं पोकळ. वरचा रंग तेवढा शाबूत दिसत होता. या वर्षी भूपेशला ते कळलं. ही फळी बदला, असं त्याने भावाला बाजूला घेऊन सांगितलं, आणि तो ऐकेना तेव्हा सगळ्यांसमोर ओरडला, होडी एक दिवस बुडणार. हो ना, काळूरामदादा?"

"बोलला," काळूराम म्हणाला. "हरेश्वर रडला. बोलला, तुज्या वहिनीला कोन सांगनार? मी पन बोललो, वरीस जाईल अजून."

"आणि कोठडीत भूपेश गप्प आहे, कारण बोलला तर तुम्हाला हे कळेल."

सुमेधच्या मांडीवरची वही मिटलेलीच होती. विनयाच्या कामात शेवटी नेहमी कुणीतरी अपराधी सापडे, त्याच्यावर बोट ठेवता येई. इथे बोट ठेवायला जागा नव्हती. तिला फार वाईट वाटलं आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

"म्हंजे मीच," कमळी म्हणाली.

"वहिनी, असं नका..." तेजस्वी आत आली.

कमळीने हात वर करून तिला थांबवलं. हवालदाराला बोलवा, म्हणाली. तो आला, जबाब लिहिला, तिने अंगठा उठवला. शाईचा अंगठा ती बराच वेळ बघत राहिली. मग पदराला न पुसताच उठली.

सुतक होतं, तरी ती थेट किनाऱ्यावर गेली. मागून सगळे. निळ्या होडीपाशी ती थांबलीच नाही. भोकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती लाल होडीसमोर उभी राहिली.

"काळूराम, हातोडी काढ. उद्या भावजी घरी येतील. परत पान्यात जातील."

काळूरामने मागून सुरुवात केली. एकेक फळी टणकन बोलत होती. नाळेखाली आल्यावर त्याचा हात थांबला. समोर तेजस्वीने काढलेलं पिवळं कमळ होतं. त्याने तेजस्वीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तिथं पन ठोक," कमळी म्हणाली.