परवाणी

“माझी सर्वांत मोठी उणीव म्हणजे मी कामात स्वतःला विसरतो. इथे थोडं हसा,” असं म्हणून समोरचा तरुण थोडं हसला.

रोहिणी तारळेकरने मान खाली घातली. शेजारी बसलेल्या फिरोज मुल्लाने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. तरुणाला आपलं काय चुकलं ते कळलंच नव्हतं. कानातल्या आवाजाने उत्तर सांगितलं होतं, ते कसं द्यायचं हेही सांगितलं होतं, आणि त्याने दोन्ही सरळ म्हणून टाकली होती.

त्या आवाजाला सगळे ‘कानमंत्र’ म्हणत. मोहरीएवढा कण कानात खोल बसवायचा. प्रश्न ऐकला की तो उत्तर कुजबुजत असे. वर्षभरात तो इतका स्वस्त झाला, की मुलाखतीला येणारा प्रत्येक जण एकाच तोंडाने बोलू लागला. एका सकाळी तिघांनी आजोबांची सायकल दुरुस्त केल्याची तीच आठवण सांगितली होती. एकाचा कानमंत्र बायकोच्या फोनला जोडला गेला होता. “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” या प्रश्नावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, “कोथिंबीर आणि अर्धा किलो वांगी.” रोहिणी हे किस्से घरी सांगायची तेव्हा हसून सगळ्यांचे डोळे ओले व्हायचे.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, स्वयंचलित माग बनवणाऱ्या कारखान्यात ती नोकरभरतीचं काम पाहत होती. कानमंत्राला तोड म्हणून कारखान्याने ‘श्रवणवेध’ आणला होता. डोक्यावर घालायची एक पट्टी, दोन्ही कानांवर मऊ गाद्या. कोणी कुजबुजलं की कानातले बारीक स्नायू आवाज टिपायला आखडतात आणि पडदा थरथरतो. पट्टी ती थरथर मोजत असे, खोलीत सगळ्यांना ऐकू येणारे आवाज त्यातून वजा करत असे, आणि तरीही काही उरलं तर फिरोजच्या पडद्यावर लाल दिवा लागत असे. मग उमेदवाराच्या नावापुढे शिक्का पडायचा – ‘परवाणी’. म्हणजे दुसऱ्याची वाचा बोलणारा. ही नोंद राज्यभरच्या कारखान्यांच्या सामायिक नोंदवहीत जायची आणि तीन वर्षं राहायची. मुलाखतीनंतर, नोकरी देण्याआधी प्रत्येक कारखाना ती वही पाहायचा. उमेदवाराला कारण सांगायचं नाही असा नियम होता. सांगितलं तर तो पुढच्या वेळी पळवाट शोधेल.

तो हसणारा तरुण गेला त्याच दिवशी दुपारी सुकुमार मगदूम आले. वय पन्नाशीच्या पुढे, इचलकरंजीचे, एकतीस वर्षं यंत्रमागावर. ते ज्या कारखान्यात मागावर होते तो चार वर्षांपूर्वी बंद झाला होता. नव्या मागांची निगा कशी राखायची हे कामगारांना शिकवणारा माणूस हवा होता, त्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता.

पट्टी डोक्यावर बसताच लाल दिवा लागला. अजून कोणी काही विचारलंही नव्हतं.

फिरोजने भुवया उंचावल्या. रोहिणीने नेहमीप्रमाणे मुलाखत चालू ठेवली. आणखी पाच मिनिटं बोलून, आभार मानून निरोप द्यायचा, एवढंच बाकी होतं.

“मागावर ताण्याचे उभे धागे सारखे तुटतायत,” ती म्हणाली. “तुम्ही काय कराल?”

“एकाच जागी तुटत्यात, का कुठंबी?” मगदूमांनी उलट विचारलं.

रोहिणी थबकली. कानमंत्र कधी उलट प्रश्न विचारत नसे. “दोन्ही सांगा,” ती म्हणाली.

“एकाच जागी तुटत असलं तर धागं जात्यात त्या फणीची काडी वाकलीय. बोट फिरवलं की लागतंय हाताला. कुठंबी तुटत असलं तर हवा कोरडी झालीय. यंत्राला हात लावायचा न्हाई. खिडक्या लावायच्या, फरशीवर पाणी मारायचं, चहा प्यायला जायचं. येईस्तोवर धागा ऐकतोय.”

दिवा लालच होता. फिरोजने पडदा तिच्याकडे वळवला. रेषा एकसारखी थरथरत होती. मगदूम बोलत होते तेव्हाही, गप्प होते तेव्हाही. कुजबुज अशी अखंड नसते.

रोहिणीने नियम मोडला. “मगदूम काका, तुम्हाला आत्ता आमच्याशिवाय आणखी काही ऐकू येतंय का?”

“येतंय की.”

“कोणाचं?”

“मागांचं,” ते म्हणाले. “खटखट, खटखट. चार वर्षं झाली माग सोडून, पण थांबत न्हाई. घरात सगळी गप बसली की जास्तच. बायको म्हणती, वहिम हाय तुमचा.” मग त्यांनी पट्टी हळूच काढून टेबलावर ठेवली. “सात ठिकाणी गेलो मॅडम. सगळीकडं हे डोक्यावर घातलं. घातलं की समोरच्याचं तोंड बदलायचं. हे असं तुम्हीच पहिल्यांदा विचारलं.”

दुसऱ्या दिवशी रोहिणी त्यांना शहरातल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आधी तपासलं, मग श्रवणवेधाच्या नोंदी पाहिल्या. “वर्षानुवर्षं खडखडाट ऐकलेल्या कानात हे होतं,” ते म्हणाले. “ऐकू थोडं कमी येतं. शिवाय आतला बारीक स्नायू आपोआप फडफडत राहतो, डोळ्याची पापणी फडफडते तसा. तुमची पट्टी ती फडफड मोजते आहे. यंत्र खोटं बोलत नाही. फक्त त्या फडफडीचं एकच कारण असतं असं त्याला शिकवलंय.”

परतल्यावर तिने स्वतः दिलेले शिक्के काढून पाहिले. चौदा महिन्यांत दोनशे बारा. त्यांतले बहुतेक खरेच कानमंत्रवाले होते. पण ज्यांनी पंधरा वर्षांहून जास्त काळ मागावर, सूतगिरणीत किंवा घणाच्या खडखडाटात काढला होता आणि ज्यांची रेषा अशी अखंड थरथरत होती, असे एकेचाळीस निघाले. तिने प्रत्येकाचा फोटो उघडला. काही चेहरे आठवले, बरेचसे आठवले नाहीत. जेवणाचा डबा तसाच राहिला.

“तुला कुठे माहीत होतं?” फिरोज म्हणाला.

“विचारलं असतं तर कळलं असतं,” ती म्हणाली. “मी त्यांना पाच मिनिटं उगीच बोलत ठेवायचे, फिरोज. आणि ते खरी उत्तरं देत होते.”

नोंदवहीच्या कचेरीत दुरुस्तीचा अर्ज करता येत होता. डॉक्टरांचा दाखला जोडून तिने मगदूमांचा अर्ज आधी पाठवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं. ‘परवाणी’ पुसली होती. तिला इतका आनंद झाला, की तो कागद घेऊन ती धावतच व्यवस्थापक इनामदारांच्या खोलीत गेली.

इनामदारांनी कागद शेवटपर्यंत वाचला. ते वाईट माणूस नव्हते. “खालची ओळ पाहिलीस का?” त्यांनी विचारलं.

पुसलेल्या जागी नवी नोंद होती – ‘श्रवणदोष, कायम’.

“यंत्राजवळ असा माणूस उभा करता येत नाही,” इनामदार म्हणाले. “सुरक्षेचा नियम आहे. धोक्याची घंटा ऐकू आली नाही तर जबाबदार कोण? हा आपल्याकडेच नाही, सगळीकडे आहे.”

“पण त्यांना शिकवायचंय, सर. एकतीस वर्षं त्यांनी—”

“रोहिणी, परवा तो खोटा होता म्हणून नको होता. आज खरा आहे आणि तरीही घेता येत नाही. मला आनंद होतोय असं वाटतं का तुला?”

ती सांगायला स्वतः इचलकरंजीला गेली. मगदूम उंबऱ्याजवळ शेजारणीचं शिवणयंत्र उघडून बसले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये दोनदा त्यांनी “जरा मोठ्यानं” म्हटलं, तेव्हा तिला शरमल्यासारखं झालं.

“आधीचा शिक्का किती वर्षांचा हुता?” त्यांनी विचारलं.

“तीन वर्षांचा. पहिल्या कारखान्यात लागला त्याला दीड वर्ष झालं होतं.”

“म्हणजे आणिक दीड वर्षानं पुसला गेला असता.” ते हातातला स्क्रू फडक्याने पुसत राहिले. “आणि ह्यो कधी पुसणार?”

रोहिणीने कागद उघडून त्यातल्या ‘कायम’ या शब्दावर बोट ठेवलं.

“तुमचा दोष म्हणत न्हाई मी. चांगलं करायला गेलासा. पण पोरी, अर्ज धाडायच्या आधी मला एक शब्द विचारायचा हुतासा. कान माझा हुता.”

चहा आला. तिने तो पिऊन निरोप घेतला.

कारखान्यात परतल्यावर फिरोजने उरलेले चाळीस अर्ज तिच्यासमोर ठेवले. डॉक्टरांनी नोंदींवरून दिलेले दाखले जोडून त्याने ते भरूनच ठेवले होते. “पाठवू?” त्याने विचारलं. मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, “की राहू देऊ? त्यांना काही माहीत नाही. दोन-अडीच वर्षांनी शिक्के आपोआप जातील.”

“नाही. दोन्ही नाही,” ती म्हणाली. “ज्याचं त्याला विचारायचं.”

उमेदवाराला कारण सांगायचं नाही, या नियमावर तिची स्वतःचीच सही होती. तरी तिने यादी समोर घेतली आणि पहिला नंबर लावला. शालन वडगावे, वय चव्वेचाळीस, अठरा वर्षं सूतगिरणीत. मुलाखत आठ महिन्यांपूर्वीची.

रोहिणीने आपलं नाव सांगितलं, मग जे घडलं होतं ते सगळं सांगितलं. शिक्का, पट्टी, कानाचा स्नायू, दुरुस्ती आणि दुरुस्तीनंतर काय होतं तेही. ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून तिने मोठ्याने विचारलं, “ताई, आहात ना?”

“हाय,” शालन म्हणाली. “मला वाटलं हुतं, मलाच काय येत न्हाई. घरी आल्यावर पोरीला तसंच सांगितलं, की बाई, तुझ्या आईला बोलता आलं न्हाई. त्याच्यानंतर कुठं अर्जच केला न्हाई मी.” मग तिने विचारलं, “म्हणजे माझी उत्तरं बरोबर हुती?”

रोहिणीने आठ महिन्यांपूर्वीचा कागद उघडला. तिच्याच अक्षरात प्रत्येक उत्तरापुढे बरोबरची खूण होती. “बरोबर होती, ताई. सगळी.”

पलीकडे शालन रडते आहे की हसते आहे, ते कळत नव्हतं.

“आता मी काय करू ते तुम्ही सांगा,” रोहिणी म्हणाली. “शिक्का राहू दे म्हणालात तर राहील. काढा म्हणालात तर काढते. पण त्या जागी कानाचं लिहिलं जाईल.”

“म्हणजे लबाड म्हणून ऱ्हायाचं न्हाईतर बहिरी म्हणून,” शालन सावकाश म्हणाली. “अहो ताई, एवढी मोठी नोंदवही तुमची. तिच्यात नुसतं ‘हिची उत्तरं बरोबर हुती’ असं लिहायला कुठं जागाच न्हाई का?”