किटलीचं झाकण

त्या सकाळी कतारमधल्या अल खोरच्या खाडीवर असं धुकं उतरलं होतं, की काठची तिवरं कुणी पुसून टाकल्यासारखी झाली होती. माहनूरनं चहाच्या मोठ्या किटलीचं झाकण उचललं आणि ओगराळ्याच्या दांड्यानं वाजवायला लागली. ठण्... ठण्... तिच्या अब्बांची ही जुनी रीत. धुक्यात धक्का दिसेनासा झाला, की होड्यांनी झाकणाच्या आवाजावर यायचं. अब्बांचे गुडघे धरले, तशी धक्क्यावरची चहाची टपरी तिच्याकडे आली आणि झाकणही.

पाण्यावरून आधी इंजिनाची धुगधुग आली. मग एक वैतागलेला आवाज, "मेल्या धुक्या, सरक की बाजूला..." आणि शेवटी सहलीची होडी. तोंडाशी उभा सावळा तरुण तिला पाहून गडबडला, हिंदीत धक्क्याचं नाव विचारायला लागला.

"धुक्याशी मराठी, आणि माझ्याशी हिंदी?" माहनूर म्हणाली. "श्रीवर्धनचे वाटता."

"मुरूडचा. इलियास." तो हसला. "दोर टाकतो, झेलता?"

"मी चहा देते. दोर ज्याचा त्यानं बांधावा."

त्यानं उडी मारली, दोर बांधला आणि चहाचा घोट घेता घेता तिच्याकडे पाहिलं. पाहिलं ते पाहिलंच — धुकं विरेपर्यंत.

मग धुकं असो-नसो, दर शुक्रवारी त्याची होडी या धक्क्याला लागायची. दोह्याच्या अल दुहैल भागातली कुटुंबं उतरायची, पोरं इंग्रजीत खेकड्यांची चौकशी करायची, आया चहाचे गलास हातात धरून वाफ झेलायच्या. इलियास दर वेळी दोर उंचावून भुवई उडवायचा, माहनूर दर वेळी मान हलवायची... नाही. फक्त त्याच्या गलासात वेलची जरा जास्त पडायची. त्यानं विचारलं, तर म्हणायची, चूक झाली. आणि पाठमोरी होऊन गुणगुणायची —

खाडीच्या गं पाण्याला भरती येते, जाते
एकाच्याच गलासात वेलची जास्त होते.

हिवाळा सरता सरता खाडीच्या तोंडाशी काचेचा थंडगार कॅफे उघडला, स्वतःचा धक्का घेऊन. होडीच्या अरबाबनं, म्हणजे मालकानं, इलियासला सांगितलं, या शुक्रवारपासून माणसं तिथंच उतरवायची. नाहीतर होडीची चावी ठेवायची आणि निघायचं.

गुरुवारी संध्याकाळी इलियासनं हे सगळं गलासाकडे बघत सांगितलं. शुक्रवारची होडी गेली, तर टपरीत राहतं काय? मागं खुर्चीत बसलेले अब्बा पुटपुटले, "खलास. आवरू या आता."

"मग जा ना तिकडे," माहनूर म्हणाली.

"तू थांब म्हण. नाही जात."

"मी का म्हणू? माझ्या शब्दाखातर नोकरी घालवशील, आणि जन्मभर ते ओझं मी वाहायचं? तुझं तू ठरव."

"माझं ठरलंय गं. पण एकट्याचं ठरून काय होतं..." त्यानं गलास खाली ठेवला. "तू तर कधी दोरसुद्धा झेलला नाहीस."

धुतलेला गलास माहनूरनं पुन्हा धुतला.

शुक्रवार उजाडला तो लख्ख. चूल पेटवू नकोस, अब्बा म्हणाले. तिनं पेटवली. तिवरांतून होडी बाहेर आली, क्षणभर रेंगाळली... आणि कॅफेकडे वळली. इलियास एकदाही इकडे बघेना. बघितलं असतं, तर सुकाणूवरचा हात हलला नसता त्याचा.

हाक मारायची? एवढ्या लोकांदेखत, एका पोराला, पोरीनं?

माहनूरनं झाकण उचललं.

ठण्! ठण्! ठण्!

जाळी विणणारे कोळी वळून पाहू लागले. "अगो, धुकं कुठाय?" अब्बांनी विचारलं.

"मला दिसतंय, अब्बा. वाजवू द्या."

दूर पाण्यावर इंजिन थांबलं. इलियास माणसांना काहीतरी विचारत होता. बायका हसल्या, एकीनं चक्क टपरीकडे बोट केलं. आणि होडी वळली.

धक्क्याशी आल्यावर इलियासनं दोर उंचावला. या खेपेस भुवई उडवली नाही. माहनूर काठाशी आली आणि सगळ्यांसमोर दोन्ही हात पुढे केले. ओला, खारट, जड दोर तिच्या ओंजळीत येऊन पडला.

"नोकरी जाईल तुझी," ती म्हणाली.

"दुसरी होडी बघू. इन्शाल्ला." तो उतरून जवळ आला. "हात भिजले तुझे."

"भिजू देत. बांधायचा कसा, ते दाखव."

मागं अब्बा उठले, गुडघा चोळला आणि किटलीत आणखी चहापत्ती टाकली.

तेवढ्यात इलियासच्या खिशात फोन वाजला. अरबाब. त्याचा चेहरा उतरला. माहनूरनं फोन अलगद काढून घेतला, फळीवर ठेवला आणि वर झाकण घातलं. आतल्या आत तो गुरगुरत राहिला.

"उकळू दे त्याला," ती म्हणाली. "तू चहा घे."