एका कानाचे डॉक्टर

आईला धाप लागली म्हणून भर दुपारी तिला घेऊन निघालो, एवढंच. कोपऱ्यावरच्या दवाखान्याला मागच्याच वर्षी कुलूप लागलं होतं. आमचे जुने डॉक्टर वारले आणि त्यांच्याबरोबर आमच्या घरादाराची दुखणीही गेली, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. सगळी त्यांच्या डोक्यात. डावा कान ठार बहिरा. तपासताना नळीचं एकच टोक कानात घालायचे, दुसरं गळ्यापाशी लोंबायचं. वर हसून म्हणायचे, "मला कान एकच. या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची सोयच नाही!"

नव्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आईला पडद्याआड निजवलं आणि मला विचारलं, "आधीचे कागद?"

"नाहीत."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एक पांढरी... छोटी. सकाळची."

बाकावर नंबर लावून बसलेल्या एका बाईने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर आईच्या हातचं खाल्लं आणि तिची एक गोळी मला सांगता येत नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एखादं इंजेक्शन सोसत नाही, असं काही?"

लहानपणी त्यावरून घरात झालेली धावपळ अंधुक आठवत होती. पण पुन्हा "माहीत नाही" म्हणायला जीभ रेटेना.

"छे, तसं काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

नर्स सुई भरून पडद्याआड गेली. मी बाकावर टेकलो. पंखा बंद होता, तरी छातीच्या डाव्या बाजूला काहीतरी गार टेकल्यासारखं वाटलं. स्पिरिटचा आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास आला. पडद्यामागे कुणीतरी खाकरलं... पुरुषी, ओळखीचं.

नर्स भरलेली सुई तशीच घेऊन बाहेर आली. "मॅडम, आतले सर म्हणतात, हे देऊ नका. मागे यांचा जीव जाता जाता वाचलाय म्हणे."

"कुठले सर?"

"ते... म्हातारे. एकाच कानात नळी घातलेले."

बाईंनी पडदा सरकवला. आत आई एकटीच होती. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, समोरच्या भिंतीला दाखवत होती.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तर नाही म्हणालात."

भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

दुसऱ्या औषधाने आईला उतार पडला. घरी आणून तिच्या पाठीशी उशी लावली आणि हळूच विचारलं, "आई, आत कोण होतं गं?"

"कोण म्हणजे? आपले डॉक्टर." ती सहज म्हणाली. "तुझ्यावर रागावलेत. जिना चढताना छातीत दुखतं ना तुझ्या? किती दिवस अंगावर काढणार, विचारत होते."

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

"दाखवतो... त्या बाईंना दाखवतो," मी पुटपुटलो.

"बाईंना नको. त्यांच्यापुढे तू पुन्हा खोटं बोलशील." आईने डोळे मिटले. "गुरुवारी आपल्या डॉक्टरांनी स्वतःकडेच बोलावलंय तुला."

आज बाईंच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच परतलो. कुठल्या तोंडाने आत जाणार? उद्या गुरुवार. छातीवरची ती गोल, गार जागा अजून गेलेली नाही. हवं तर हात लावून बघा.