ऐकणारे दोघे

पक्ष्यांच्या नोंदी तपासणं हे माझं काम. शंका आली की पेन्सिलीने काट मारायची आणि बाजूला कारण लिहायचं. वीस वर्षांत मारलेली एकही काट मनाला लागली नाही. एक सोडून.

आमच्या रानात दोन जातींचे वटवटे आहेत. दोन्ही चिमणीहून लहान, हिरवट, पानांत बसले की दिसायचे नाहीत. बाबा म्हणायचे, "जुळे भाऊ आहेत लेकाचे. तोंड उघडलं की घराणं कळतं." एकाचं गाणं सरळ उतरत जातं. दुसरा दुर्मीळ. तो मध्येच श्वासभर थांबतो आणि मग अगदी बारीक शीळ ओढतो. कोणी आपल्याकडे बघतंय असं वाटलं की गप्प. त्याच्याकडे पाठ करून ऐकायचं, हे बाबांनीच मला शिकवलं.

गेल्या वर्षी ओढ्यापलीकडच्या वाकड्या झाडावर बाबांनी त्या दुसऱ्याची नोंद केली. सोबत पाकिटात टेप पाठवली. नोंदीत लिहिलं होतं, 'ऐकणारे: दोघे.' गेले होते एकटेच. शिवाय त्यांना दाराची घंटाही ऐकू येईनाशी झाली होती, तिथे ती शीळ कुठली? मी पाकीट उघडलंच नाही. काट मारली आणि लिहिलं, 'वयोमानाने ऐकण्यात चूक.'

"पोटच्या पोरानेच खोटं पाडलं," एवढंच ते आईला म्हणाले. दुर्बीण खुंटीला टांगली, ती परत काढली नाही. चार महिन्यांनी गेले. टेप ऐकायला मला पाच मिनिटं लागली असती.

आज सकाळी मोजणीसाठी मी त्याच झाडाखाली पाठ करून बसलो. सात वाजून दहा मिनिटांनी वर गाणं सुरू झालं, उतरत आलं आणि थांबलं.

आसपास कोणी माणूस नव्हतं, तरी मी मोठ्याने बोलून गेलो, "बाबा, ऐकू येतंय ना? चुकलो मी."

शीळ सुरू झाली. तेवढ्यात मागे वाळलेलं पान मोडल्यासारखं वाटलं, म्हणून मी वळलो.

मागे कोणीच नव्हतं. शीळ अर्ध्यावर तुटली.

तसाच कार्यालयात आलो. कपाटातून पाकीट काढलं. डिंक जसाच्या तसा होता. टेप लावली.

बाबांनी आधी तारीख सांगितली. गेल्या वर्षीची. मग वेळ, सात दहा. मग गाणं उतरत आलं आणि थांबलं.

"बाबा, ऐकू येतंय ना? चुकलो मी."

आवाज माझा होता.

"येतंय रे," बाबा हळूच म्हणाले. शीळ सुरू झाली. "सगळं येतंय. फक्त मागे वळू नकोस."

शीळ अर्ध्यावर तुटली.